नदीकाठचे पंचवीस गुण

पदवी परीक्षेचे दिवस जवळ आले की राज्यातील असंख्य महाविद्यालयांत पर्यावरण प्रकल्पांचे गठ्ठे जमा होऊ लागतात. रंगीत वेष्टन, आत गुरुजनांचे आभार, त्यानंतर प्रस्तावना, उद्दिष्टे, प्रदूषणाचे प्रकार, कारणे, परिणाम आणि उपाय असा त्यांचा क्रम ठरून गेलेला असतो. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारा मजकूर केवळ नाव व हजेरी क्रमांक बदलून वर्षानुवर्षे पुढे सरकत राहतो. शिक्षकांना हे ठाऊक असते, शिक्षकांना ठाऊक आहे हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते, आणि कार्यालयातील लिपिक तो गठ्ठा नियमाप्रमाणे बांधून कपाटात ठेवून देतो. हातकणंगले तालुक्यासारख्या भागात हा प्रकार विशेष बोचावा असा आहे. कारण ज्या नदीविषयी लिहावयाचे ती वर्गापासून सायकलच्या अंतरावर वाहत असते, किंवा वाहत नसते. आणि ती कोणत्या महिन्यात वाहते व कोणत्या महिन्यात नाही, याचे उत्तर त्या गठ्ठ्यातील एकाही वहीत सापडत नाही.

या विषयाची सक्ती कोणा एका विद्यापीठाच्या लहरीतून आलेली नाही. पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर दिले जावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिला. त्याची अंमलबजावणी रेंगाळली तेव्हा २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी जो अभ्यासक्रम आखून दिला त्यात ५० व्याख्याने होती आणि त्यांपैकी ५ व्याख्यानांइतका वेळ क्षेत्रकार्यासाठी राखलेला होता. जवळची नदी किंवा टेकडी पाहून तिची नोंद करणे, जवळच्या प्रदूषित स्थळाला भेट देणे, एखाद्या तळ्याचा वा डोंगरउताराचा अभ्यास करणे, अशी कामे त्यात नावानिशी सांगितली होती आणि १०० पैकी २५ गुण त्यांना दिले होते. अभियांत्रिकीची गोष्ट याहून चमत्कारिक. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये दिलेल्या नमुना अभ्यासक्रमात पर्यावरण विज्ञान सक्तीचे केले, परंतु श्रेयांकाविना. साहजिकच ज्याला गुण नाहीत त्याला वेळही नाही. २०२३ मध्ये अनुदान आयोगाने या विषयाची नवी चौकट दिली, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प व समाजसहभाग यांनाही श्रेयांक मिळू लागले. तात्पर्य, आज जागा आहे, तास आहेत आणि गुणही आहेत. प्रश्न एवढाच उरतो की हे तास कोठे घालवावयाचे.

ते आपल्या पाणलोट क्षेत्रात घालवावेत, हे त्याचे सरळ उत्तर आहे. डोंगरमाथ्यापासून संगमापर्यंत पाणी जेथून जेथून जाते तेथून विद्यार्थ्यांनी चालावे, दरवर्षी त्याच ठिकाणी तेच मोजमाप करावे, आणि ती नोंद सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. हा निसर्गसहलीचा हट्ट नव्हे. पर्यावरण अभियांत्रिकीतील काही मूलभूत गोष्टी वर्गात शिकविताच येत नाहीत. आणि त्या न शिकल्याची किंमत परीक्षार्थी देत नाही, ती नदीकाठची गावे देतात.

पुस्तकातील नदी

याचे एक उदाहरण पुरेसे आहे. सांडपाण्याची घाण मोजण्याचे जे माप जगभर वापरले जाते त्याला 'बीओडी' म्हणतात. पाण्यातील सेंद्रिय घाण खाताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात, हे त्यावरून कळते. नमुन्याची बाटली ठरावीक तापमानात पाच दिवस अंधारात ठेवावयाची आणि प्राणवायू किती घटला ते पाहावयाचे, अशी ही परीक्षा. पण पाचच दिवस का? १८९८ मध्ये ब्रिटनमध्ये सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी शाही आयोग नेमण्यात आला होता. तेथील नद्यांचे पाणी उगमापासून समुद्रापर्यंत पोहोचण्यास साधारणतः पाच दिवसांहून अधिक काळ लागत नाही, असा हिशेब या मुदतीमागे होता असे सांगितले जाते. तापमानही तिकडच्या उन्हाळ्याचे, सुमारे १८ अंश सेल्सिअसचे. भारतीय मानकाने पुढे ही परीक्षा २७ अंशांवर व तीन दिवसांची केली, कारण येथील पाणी उबदार असते आणि उबदार पाण्यात कुजण्याची क्रिया वेगाने होते. पुस्तकातील एक साधा आकडादेखील कोणत्या तरी नदीच्या काठावर जन्मलेला असतो, हे विद्यार्थ्याला कळण्यासाठी याहून चांगली कथा नसेल.

या कथेचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. त्याच आयोगाने १९१२ मधील आपल्या आठव्या अहवालात नदीत सोडावयाच्या सांडपाण्याच्या बीओडीला लिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा सुचविली; पण तिच्याबरोबर अट अशी होती की, नदीत त्या सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी वाहत असले पाहिजे. भारतात नदीत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. ही मर्यादा पाठ करणे सोपे असते. तिच्यामागचे 'आठपट' मात्र वर्गातून निसटून जाते. ऑगस्टमधील दुथडी भरलेली पंचगंगा आणि एप्रिलमधील पंचगंगा या दोन निरनिराळ्या नद्या आहेत. पावसाळा सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे बसविले जातात, आणि मग नदी ही नदी न राहता एकापुढे एक मांडलेल्या लांबट तळ्यांची माळ होते. शेतीच्या दृष्टीने हे बंधारे म्हणजे वरदानच. या जिल्ह्याने त्या पद्धतीला आपले नाव दिले आणि राज्याने ती उचलली. परंतु ज्या तळ्यात नवे पाणी येत नाही तेथे नियमात बसणारे सांडपाणीही साचत जाते. केंदाळ माजते, खाली उजेड पोहोचत नाही, पहाटेपर्यंत प्राणवायू संपत येतो, आणि मग एखाद्या सकाळी तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा थर दिसतो.

प्रदूषण नियंत्रण मंडळाला अधिक कडक अटी घालता येतात, हे खरे. पण त्यासाठी कोणत्या महिन्यात, कोणत्या बंधाऱ्यामागे, किती पाणी सरकत होते हे कोणी तरी वर्षानुवर्षे मोजून ठेवलेले असावे लागते. ते मोजण्याची जागा रुकडीचा बंधारा आहे, प्रश्नपत्रिका नव्हे.

तालुका हीच प्रयोगशाळा

अशा अभ्यासासाठी हातकणंगले तालुक्याइतकी सोयीची भूमी शोधूनही सापडणार नाही. पन्हाळा-जोतिबाकडून पूर्वेकडे उतरत आलेली डोंगररांग आळते, रामलिंग, बाहुबली येथे आपले शेवटचे उंचवटे दाखविते. उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा, आणि मध्ये हा कणा. त्याच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक थेंब उत्तर उताराने वारणेत जातो व हरिपूरजवळ कृष्णेला मिळतो. दुसरा दक्षिणेकडे वळून पंचगंगेत उतरतो. नृसिंहवाडीच्या संगमावर हे दोन्ही थेंब पुन्हा एकत्र येतात. 'पाणलोट क्षेत्र' ही संज्ञा फळ्यावर आकृती काढून समजावून देण्यापेक्षा रामलिंगच्या माथ्यावर उभे करून दाखविली तर एका वाक्यात समजते. तलाठ्याच्या नकाशात गावांच्या सीमा असतात. पाणी त्या पाळीत नाही, हे तेथेच प्रथम डोळ्यांना दिसते.

माथ्यावरून खाली उतरताना या जिल्ह्याचे सारे अर्थशास्त्र पायाखालून जाते. उतारावर उघडी पडलेली मुरमाड जमीन, तिच्याखाली काळ्या रानातील ऊस; अतिरिक्त पाण्याने आणि निचऱ्याच्या अभावी क्षारपड झालेले पट्टे; शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील ओतकामाचे कारखाने; हुपरीचा चांदीचा धंदा; आणि इचलकरंजी. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये तेथे पहिला यंत्रमाग आणला, आणि एका संस्थानी गावाचे वस्त्रनगर झाले. मागाला पाणी फारसे लागत नाही. पण कापड धुण्याला, रंगविण्याला आणि त्यावर पक्की प्रक्रिया करण्याला ते भरपूर लागते, आणि वापरलेले पाणी कोठे तरी सोडावेही लागते. शहरातून पंचगंगेकडे जाणाऱ्या ओढ्याला लोक काळा ओढा म्हणतात. भूगोल, रसायन, अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र हे चार विषय वेळापत्रकात चार तासांना शिकविले जातात. या ओढ्याच्या काठावर ते एकाच वेळी समोर उभे राहतात.

दोर, घड्याळ आणि बाटली

क्षेत्र अभ्यासाला महागडी उपकरणे लागतात, ही समजूत बरीचशी सोयीची आहे. ओढ्याचा प्रवाह मोजण्यासाठी दोर, काठी, घड्याळ आणि तरंगणारी एखादी वस्तू पुरते. ओढ्याच्या सरळ भागात दहा मीटरचे अंतर आखावे, रुंदी व ठिकठिकाणची खोली मोजावी, तरंगती वस्तू किती सेकंदांत ते अंतर कापते ते पाहावे. पृष्ठभागावरील वेग हा सरासरी वेगापेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून त्याला ०.८५ ने गुणावे. उदाहरणादाखल, ओढा २ मीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल आणि वरचा वेग सेकंदाला २५ सेंटिमीटर धरला, तर दर सेकंदाला सुमारे १२७ लिटर आणि दिवसाला सुमारे १ कोटी १० लाख लिटर पाणी जाते. त्याचा बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम निघाला असे धरले, तर तो ओढा नदीकडे रोज सुमारे २,२०० किलो प्राणवायूची मागणी करतो. निरोगी नदीच्या लिटरभर पाण्यात ७ मिलिग्रॅम प्राणवायू असतो असे मानल्यास एवढी मागणी पुरी करण्यासाठी ३१ कोटी लिटरांहून अधिक पाण्यातील सारा प्राणवायू खर्ची पडावा लागेल. हे आकडे केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. पण हा हिशेब स्वतः मोजलेल्या ओढ्यावर ज्याने एकदा केला त्याला 'नदीची सामावून घेण्याची क्षमता' हा शब्दप्रयोग पुन्हा कधी घोकावा लागणार नाही.

पावसाचे मोजमाप याहून सोपे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गगनबावड्याला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात त्याचा अगदी लहानसा हिस्सा. तरीही त्या पूर्व भागात ऊस उभा राहतो तो कोणाच्या पाण्यावर, हा प्रश्न पर्जन्यमापकाचे दोन आकडे शेजारी ठेवले की आपोआप पुढे येतो. विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर दोर सोडून मोजता येते. पिण्याच्या पाण्यात मैल्याचा अंश आहे की नाही हे पाहण्यासाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक साधी बाटली सुचविली. तीत औषधीत भिजविलेली कागदाची पट्टी असते, आणि पाणी दूषित असल्यास एकदोन दिवसांत बाटली काळी पडते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी घराच्या भिंतीवर कोठपर्यंत आले होते, हे काठावरच्या गावांतील वृद्धांना अजून बोट ठेवून दाखविता येते. या खुणा पातळीयंत्राने जोडून घेणे हे स्थापत्य शाखेच्या मुलांना एका सुट्टीत जमण्यासारखे काम आहे. वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका आळीत किती घरे वीस लिटरचे जार विकत घेतात आणि महिन्याला त्यांवर किती खर्च करतात, एवढे जरी मोजले तरी नदीच्या बिघाडाची किंमत कोणाच्या खिशातून जाते हे उघड होईल. कारखान्याच्या ताळेबंदात जो खर्च दिसत नाही तो अशा रीतीने गृहिणीच्या हिशेबाच्या वहीत दिसू लागतो.

पाण्यासाठी दूरदूर

हे सर्व करण्याची निकड काय, असे कोणी विचारील. इचलकरंजीच्या पाण्याचा इतिहास हेच त्याचे उत्तर आहे. शहर पंचगंगेच्या काठी वसलेले. तिचे पाणी पुरेना व पिण्याजोगे राहीना, तेव्हा कृष्णेवरील मजरेवाडीहून पाणी आणले गेले. २०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. दूषित पाण्याने पसरणाऱ्या काविळीची ती साथ होती. त्यानंतर वारणेवरील दानोळीहून पाणी आणण्याची योजना पुढे आली. वारणाकाठच्या गावांनी तिला कडाडून विरोध केला. मग दूधगंगेवरील सुळकूडची योजना आखली गेली. तिलाही त्या काठाने विरोध केला. शहराचे म्हणणे असे की तहानलेल्याला पाणी नाकारणे हा अन्याय आहे. गावांचे म्हणणे असे की उशाशी असलेली नदी ज्यांनी राखली नाही त्यांनी दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगू नये, आणि उद्या आमच्या शेतीला पाणी उरेल याची हमी कोण देणार? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. शहरात राहणारा यंत्रमाग कामगार हा काही प्रदूषणाचा धनी नव्हे. आणि दानोळीचा शेतकरी हाही काही पाण्याचा साठेबाज नव्हे.

या वादात सर्वाधिक उणीव कशाची जाणवत असेल, तर दोघांनाही मान्य होईल अशा आकड्याची. नदीत पाणी किती आहे, शहराला लागते किती, गळती किती, शेतीचा उपसा किती, पंचगंगा सुधारावयाची तर कोणत्या ओढ्यापासून आरंभ करावा, यांविषयी अहवाल नाहीत असे नाही. राष्ट्रीय संस्थांनी अभ्यास केले, उच्च न्यायालयाने लक्ष घातले; केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातील ५३ होते. परंतु वरून आलेला आकडा गावाला शहराचा वाटतो आणि शहराला सरकारचा. ज्याच्यावर कोणाचाच विश्वास नाही असा आकडा असून नसल्यासारखा असतो. मग मोर्चात किती माणसे आली, या एकाच आकड्याला वजन उरते. सामाईक साधनसंपत्ती लोक कशी टिकवितात याचा जगभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना जी लक्षणे आढळली त्यांपैकी एक असे की, देखरेख करणारे हे वापर करणाऱ्यांपैकीच असतात किंवा त्यांना जबाबदार असतात. दानोळीची मुलगी आणि इचलकरंजीचा मुलगा एकाच वर्गात बसतात आणि एकाच दोराची दोन टोके धरून ओढा मोजतात, तेव्हा त्या देखरेखीचा आरंभ झालेला असतो.

जुनी वाट

ही कल्पना परदेशातून आणलेली नवलाई नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या जवळच्या गावाची बारकाईने पाहणी केली आणि ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी धारण ४० एकरांची होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, हे त्यातून दिसले. शेतकऱ्याच्या आळसावर प्रवचने झोडण्याचे त्या काळी प्रस्थ होते. या एका मोजणीने चर्चेची दिशा पालटली. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेले पॅट्रिक गेडिस हे तर डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा नदीखोऱ्याचा छेद हीच शिक्षणाची पहिली आकृती मानीत. कोणत्या उंचीवर कोणता व्यवसाय चालतो हे त्या छेदावर पाहिल्याखेरीज नगररचना शिकू नये, असा त्यांचा आग्रह होता.

अलीकडच्या काळात पवईच्या आयआयटीत १९८५ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी वेगळे केंद्र निघाले. त्याचे विद्यार्थी खेड्यांत जाऊन, गाजावाजाने सुरू झालेल्या नळपाणी योजना का बंद पडतात, विहीर कोणत्या महिन्यात आटते, याचा अभ्यास करीत आले आहेत. तो त्यांच्या पदवीचा भाग असतो, पदवीबाहेरची समाजसेवा नव्हे. या अनुभवाच्या आधारे राज्य शासनाने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान आखले, आणि जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्याचेच प्रश्न अभ्यासावेत ही कल्पना शासननिर्णयात आली. हिवरे बाजारने दरवर्षी पाऊस व विहिरी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावरून कोणती पिके घ्यावयाची ते ठरविले. तेथील यशाची चर्चा पुष्कळ होते. त्यामागे नियमित मोजणी आहे, ही गोष्ट मात्र भाषणांतून राहून जाते. कोल्हापूर जिल्ह्यात १९६२ पासून विद्यापीठ आहे, इचलकरंजीत १९८२ पासून वस्त्रोद्योग व अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी संस्था आहे, खुद्द हातकणंगल्यात महाविद्यालय आहे. साधने नाहीत अशी तक्रार या तालुक्याला शोभणार नाही.

अडचणी खऱ्या आहेत

तरीही अडचणींकडे डोळेझाक करून चालणार नाही. शिक्षकांची अनेक पदे रिक्त आहेत. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला नदीवर घालविलेल्या दिवसाचे मानधन मिळेलच असे नाही. पन्नाससाठ मुलामुलींना बंधाऱ्यावर नेण्याची जोखीम असते, आणि काही अघटित घडले तर जबाबदारी एकट्या शिक्षकावर येते. म्हणून तुकडी लहान हवी, पावसाळ्यात पात्रात उतरण्यास सक्त मनाई हवी, सांडपाण्याला हातमोज्यांशिवाय स्पर्श होता कामा नये, आणि क्षेत्रकार्याचा तास हा अध्यापनाचा तास म्हणून कागदोपत्री मान्य झाला पाहिजे. यातील शेवटची गोष्ट विद्यापीठाच्या एका परिपत्रकाने होण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यार्थ्यांच्या मोजणीवर विश्वास काय? १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात नमुना घेण्याची रीतसर पद्धत सांगितली आहे. ती पाळल्याशिवाय घेतलेला नमुना न्यायालयात पुरावा ठरत नाही. हे योग्यच आहे. विद्यार्थ्यांनी निरीक्षकाची जागा घ्यावी, असे कोणी म्हणत नाही. पण वैद्याकडे जाण्यापूर्वी घरातील माणूस कपाळाला हात लावून ताप पाहतोच. एका ठिकाणची दहा वर्षांची साधी नोंद, तिच्यातील चुका मान्य करूनही, कधी व कोठे निरीक्षकाने यावयास हवे ते सांगू शकते. शिवाय दोन तुकड्यांचे आकडे जुळले नाहीत तर ते का जुळले नाहीत याचा शोध घेणे, हेच तर विज्ञानाचे शिक्षण. तयार प्रकल्पात आकडे नेहमीच जुळतात.

तिसरी अडचण कोणी बोलून दाखवीत नाही. ज्याचे वडील प्रक्रिया कारखान्यात कामाला आहेत, ज्याच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, ज्याच्या संस्थेला एखाद्या उद्योजकाची देणगी मिळते, त्याने ओढा मोजावयाचा म्हणजे काय? मोजणी ओढ्याची करावी, शहराच्या वर एक आणि खाली एक अशी ठिकाणे निवडावीत, कोणा एकाच्या दाराशी जाऊ नये, हे शहाणपणाचे आहे. त्यामुळे कटुता कमी होईल, पण नाहीशी होणार नाही. नोंदीतून बोट कोणाकडे तरी वळणारच. त्या बोटाला घाबरून ज्या शिक्षणाने ओढ्याकडे पाठ फिरविली, ते शिक्षण उद्या त्याच मुलाला सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर नोकरीला लावील आणि समोरच्या नोंदवहीत कोणता आकडा लिहावयाचा ते दुसऱ्याला विचारावयास शिकवील. खोटा प्रकल्प आणि खोटी नोंदवही यांत अंतर फारसे नाही. पहिल्याची सवय पंचवीस गुणांसाठी लागते, दुसरीची किंमत खालच्या अंगाची शिरोळची गावे देतात.

म्हणून मागणी फार मोठी नाही. तालुक्यातील महाविद्यालयांनी मिळून पाच-सहा ठिकाणे ठरवावीत: रामलिंगचा माथा, त्याच्या पायथ्याचा एखादा ओढा, रुकडीचा बंधारा, काळा ओढा नदीला मिळतो त्याच्या वरची व खालची बाजू, आणि शक्य तर नृसिंहवाडीचा संगम. जून, ऑक्टोबर, जानेवारी व एप्रिल अशा चार वेळा तेथे जावे. पाऊस, पातळी, प्रवाह, प्राणवायू आणि विहिरींची खोली एवढेच मोजावे. नोंद एका जाड वहीत शाईने लिहावी, खोडली तर खोडलेली दिसू द्यावी, मोजणाऱ्यांची नावे खाली लिहावीत, आणि ती वही ग्रंथालयात कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी. तिची एक प्रत ग्रामपंचायतीकडे व एक नगरपालिकेकडे वा महापालिकेकडे पाठवावी. पंचवीस गुण त्या वहीतील पानांना द्यावेत, रंगीत वेष्टनाला नव्हे. पुढच्या वर्षीच्या तुकडीने मागील पाने वाचूनच काम सुरू करावे. मागच्या एप्रिलमध्ये रुकडीच्या बंधाऱ्यामागे पाणी किती होते, हे तिसऱ्या वर्षी एखाद्या ग्रामसभेत कोणी विचारले आणि सभेतील एखाद्या मुलीला ते वही पाहून सांगता आले, तर त्या दिवशी तालुक्यात पर्यावरण हा विषय शिकविला गेला असे म्हणता येईल.